आठ तारांना एक ट्रस रॉड पुरेल का?

प्रश्न: मी पहिल्यांदाच 8 तारांची गिटार बनवतोय, 27 इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), मेपलचा नेक (तारांखालचा दांडा), नटपाशी, म्हणजे नेकच्या डोक्याकडच्या टोकाशी, रुंदी 54 मिमी. ओळखीचे सगळे म्हणतात एवढ्या रुंद नेकला दोन ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायला आत बसवलेली, फिरवून आवळता येणारी धातूची सळई) हवेतच. खरंच लागतात का? आणि कार्बन फायबरचे रॉड टाकले तर ट्रस रॉड वगळला तर चालेल का?

उत्तर: एक चांगला डबल अ‍ॅक्शन रॉड (नेक दोन्ही दिशांना वाकवू शकणारा) पुरतो, पण तो वगळू मात्र नका. रुंदीला लोक उगाच घाबरतात हो. 6 च्या 8 तारा झाल्या की ताण साधारण एक तृतीयांश वाढतो, पण नेकही जवळपास तेवढाच रुंद होतो, म्हणजे ताण पेलायला लाकूडही जास्त मिळतं. गडबड होते ती जाडीत. रुंद नेकवर हात पुरत नाही म्हणून आपण तो पातळ करत जातो, आणि कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशेबाने बदलतो, त्यामुळे 20 मिमीचा नेक 18 वर आणला की पाव भागाहून जास्त कडकपणा गेला, त्यात तुमचं स्केलही लांब. ते 2 मिमी तासायच्या आधी खरंच दहादा विचार करा.

ट्रस रॉडच्या दोन्ही बाजूंना एकेक कार्बन रॉड नक्की टाका. ते उभे बसवा, आडवे नकोत. 5 बाय 10 मिमीची पट्टी उभी ठेवली तर आडवीपेक्षा चौपट कडक पडते. मात्र फार कडेला सरकवू नका, तिथे नेकची पाठ गोल होत जाते आणि कोरताना थेट रॉडच उघडा पडतो, मागे निदान 3 मिमी लाकूड राहू द्या. चिकटवायला एपॉक्सीच वापरा, साधा पांढरा वुड ग्लू कार्बनला धरत नाही. रॉड आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्या आणि तेव्हा मास्क घालाच, ती धूळ फार वाईट.

रिलीफ, म्हणजे नेकचा मुद्दाम ठेवलेला हलका बाक, सेट करायचं काम कार्बन करत नाही, ते ट्रस रॉडचंच. आणि लाकूड स्वतःच पिळलं तर कार्बनही फारसं वाचवत नाही. त्यासाठी क्वार्टरसॉन लाकूड (रेषे उभे येतील असं कापलेलं) घ्या, 3 किंवा 5 पट्ट्या चिकटवून लॅमिनेट नेक करा आणि शेजारच्या पट्ट्यांचे रेषे उलटसुलट ठेवा, मला तर हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

प्रश्न: माझ्या 6 तारांच्या बासचा नेक जाड तारांच्या बाजूला जास्त वाकलाय. आत्ता कार्बन रॉड बसवता येतील?

उत्तर: येतील, पण फ्रेटबोर्ड (नेकवर चिकटवलेली फ्रेटची पट्टी) काढावा लागतो, नंतर फ्रेट लेव्हलिंग, म्हणजे सगळ्या फ्रेट घासून एका पातळीत आणणं, आलंच. आधी सगळ्यात जाड तार एक गेज (जाडीचं माप) बारीक लावून पाहा. दोन ट्रस रॉड असतील तर जाड तारांच्या बाजूचा रॉड पाव फेरा आवळा आणि एक दिवस थांबून परत मोजा.