आकडा आधी कागदावर, मग तोंडात : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत: ठरवायचं कसं आणि ठरल्यावर समोरच्याशी बोलायचं कसं. पाच पत्रं घेतलीयेत. पहिल्यावर मी जास्त जागा घेतलीये, कारण थोड्याफार फरकानी तोच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, इंटरव्ह्यू मस्त झाला, शेवटी एचआरच्या मॅडमनी विचारलं "तुमची अपेक्षा किती?" आणि मी तोंडात आला तो आकडा सांगून टाकला. त्या लगेच हो म्हणाल्या, तेव्हाच पोटात गोळा आला. नंतर कळलं की त्याच कामाला दुसऱ्याला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार आहे. आता दोन महिन्यांनी पगारवाढीचं बोलायचंय. मला घासाघीस करताच येत नाही, काहींच्या स्वभावातच नसतं का हे?

उत्तर : स्वभावाचा भाग थोडाफार असेल, पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात स्वभाव कुठे दिसला नाही, दिसली ती तयारी न करता खोलीत जाणं. आणि आपण सगळेच तसे जातो हो. इंटरव्ह्यूमधल्या प्रश्नांची आठवडाभर तयारी करतो आणि पगाराचा प्रश्न येईल हे माहीत असून त्याचं एक वाक्य पण लिहून नेत नाही.

आकडा का महत्त्वाचा ते आधी सांगते. १९७४ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. लोकांसमोर शून्य ते शंभर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं, ते काहींसाठी १० वर थांबायचं आणि काहींसाठी ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकन देश किती टक्के आहेत? ज्यांना १० दिसला त्यांच्या अंदाजांचा मध्य निघाला २५ टक्के, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही म्हणजे काही संबंध नाही, तरी मन त्या आकड्याला बांधलं गेलं. मग पगाराच्या बोलण्यात, जिथे पहिला आकडा थेट विषयाचाच असतो, तिथे तो किती ओढत असेल विचार करा. तुमचा जुना पगार हा पण असाच खुंटा आहे, आपण त्यावर थोडे टक्के वाढवतो आणि त्यालाच अपेक्षा म्हणतो.

म्हणून बोलायला जायच्या आधी एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिली, किती मिळालं तर मी खूश होईन. दुसरी, कितीच्या खाली मी नाही म्हणेन. तिसरी, हे जमलंच नाही तर मी नेमकं काय करणार. लोक पहिल्या दोन लिहितात आणि तिसरी सोडतात, आणि माझ्या मते सगळी ताकद तिसरीतच आहे. हातात दुसरी ऑफर असलेला माणूस हळू आवाजात बोलला तरी समोरच्याला ऐकावं लागतं, आणि हातात काहीच नसलेला कितीही जोरात बोलला तरी शेवटी मान डोलावून बाहेर येतो. तुमच्याकडे दोन महिने आहेत ना, मग ते वाक्य पाठ करण्यात घालवू नका, ती तिसरी ओळ भक्कम करण्यात घालवा, म्हणजे दोनतीन ठिकाणी अर्ज करा, तुमच्या कामाला बाहेर काय देतात ते त्याच क्षेत्रातल्या लोकांना सरळ विचारा. नोकरी सोडायचीच असं नाही. पण खोटी ऑफर सांगू नका प्लीज, समोरचा "मग घ्या ती" म्हणाला की संपलं, आणि एकदा विश्वास गेला की पुढच्या प्रत्येक बोलण्यात त्याची किंमत मोजावी लागते.

पहिला आकडा कोणी बोलायचा हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. कुठलाही एकच नियम मला पटत नाही. बाजारभाव नीट माहीत असेल तर तुम्हीच बोला, वरच्या बाजूचा पण कारण देता येईल असा आकडा. अंदाजच नसेल तर "या कामासाठी तुमची रेंज काय ठरलीये?" असं विचारा, त्यात उद्धट काहीच नाही.

आणि आकडा सांगून झाला की गप्प बसा. हे मी फार महागात शिकलेय. कितीतरी वर्षांपूर्वी एका कामाचे पैसे ठरवताना मी आकडा सांगितला, समोरचे गृहस्थ काही बोलले नाहीत, मला ती शांतता सहन झाली नाही आणि मी आपणहून म्हणाले, "म्हणजे थोडं कमी पण चालेल." ते फक्त डायरीत लिहून घेत होते. ते काम वर्षभर चाललं आणि वर्षभर दर महिन्याला मला ते वाक्य आठवायचं.

अजून एक. बॉस नाही म्हणाला तर लगेच वाद घालू नका, लगेच उठू पण नका, विचारा की "यात तुमची अडचण नेमकी कुठे आहे?" कधी पगाराचा आकडा त्याच्या हातात नसतो, वरून ठरलेला असतो, पण सहा महिन्यांनी पुन्हा आढावा, आठवड्यातून दोन दिवस घरून काम, एखाद्या ट्रेनिंगचा खर्च हे त्याच्या हातात असतं. तो फक्त नाही म्हणाला हे तुम्हाला माहीत असेल तर रस्ता एकच, का नाही म्हणाला ते माहीत असेल तर तीनचार निघतात. आणि जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवा.

प्रश्न : मी एका कोर्सची दोन वर्षं पूर्ण केलीयेत, अजून दोन बाकी आहेत. मला हे काम आयुष्यभर करायचं नाहीये हे आता पक्कं कळलंय. पण घरी सगळे म्हणतात दोन वर्षं वाया घालवणार का? मला पण तेच वाटतं. काय करू?

उत्तर : तू लहान आहेस असं धरून अरे-तुरे करते हं. ती दोन वर्षं गेलीच आहेत. कोर्स सोडलास तरी गेली, पूर्ण केलास तरी गेली, कुठल्याच रस्त्यानी परत येत नाहीत, त्यामुळे निर्णयाच्या तराजूत त्यांना टाकायचंच नाही. सोपं वाटतं, पण मन ऐकत नाही. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी लोकांना असा प्रसंग दिला: तुम्ही दोन सहलींची तिकिटं काढलीत, एक १०० डॉलरची आणि एक ५० ची, आणि ५० वाल्या सहलीत जास्त मजा येईल असं तुम्हाला वाटतं. मग कळलं की दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत. कुठे जाल? निम्म्याहून जास्त लोकांनी १०० वाली निवडली. कमी मजेची! फक्त जास्त पैसे गेलेत म्हणून.

तर स्वतःला असं विचार, मी आजच इथे आलो असतो, मागचं काही नसतं, आणि कोणी म्हणालं असतं की अजून दोन वर्षं दे, त्याच्या बदल्यात हे सर्टिफिकेट घे, तर मी दिली असती का? कदाचित हो येईल उत्तर, कारण काही ठिकाणी कुठलीतरी पदवी लागतेच आणि मग पुढची दोन वर्षं त्यासाठी देणं योग्यच असतं. पण मग कारण "पुढे याचा उपयोग आहे" हे असू दे. घरच्यांशी बोलताना पण हाच प्रश्न ठेव त्यांच्यासमोर. आणि फक्त "सोडतो" म्हणू नकोस, सोडून त्या दोन वर्षांत काय करणार ते लिहून ने. त्यांना भीती तू मोकळा बसशील याची असते आणि ती भीती चुकीची नाहीये.

प्रश्न : आईची एका आजारासाठी तपासणी केली. तिला काहीच त्रास नव्हता, सहज सगळ्या टेस्ट केल्या त्यात ही होती आणि ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले आजार हजारात एकाला असतो, टेस्ट खरा आजार सहसा चुकवत नाही, पण शंभर निरोगी लोकांमधल्या पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे आजार असण्याची शक्यता ९५ टक्के ना? घरात कोणी झोपलेलं नाही.

उत्तर : नाही. आधी हे वाचा आणि आईलाही वाचून दाखवा. टक्के बाजूला ठेवू, माणसं मोजू. हजार माणसं घ्या. त्यातल्या एकाला आजार आहे, त्याची टेस्ट पॉझिटिव्ह येणार. उरलेले ९९९ निरोगी, त्यातल्या शंभरी पाच म्हणजे साधारण ५० जणांची चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५१, आणि त्यात खरा आजारी एक. म्हणजे शक्यता साधारण २ टक्के, ९५ नाही.

तुम्ही गोंधळलात यात तुमचं काही चुकलं नाही. अगदी हेच गणित १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेशी जोडलेल्या रुग्णालयांमधल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना घातलं होतं, बरोबर उत्तर फक्त ११ जणांना आलं, आणि सगळ्यात जास्त लोकांचं उत्तर होतं ९५.

पण २ टक्के म्हणजे शून्य नाही, त्यामुळे पुढची तपासणी टाळू नका. आणि हे गणित आईला काही लक्षण नाही, घरात कोणाला हा आजार नाही, असं असेल तरच इतकं सरळ आहे. लक्षण असेल किंवा घरात कोणाला हा आजार असेल तर "हजारात एक" हा आकडा तिला लागू पडत नाही, तो वाढतो. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: आईचं वय आणि इतिहास बघता सुरुवातीचा आकडा किती धरायचा, आणि वेगळ्या पद्धतीची दुसरी टेस्ट आहे का. तीच टेस्ट परत केली तर पहिल्यांदा ज्या कारणानी चुकली त्याच कारणानी परत चुकू शकते. आज रात्री झोपा तुम्ही सगळे.

प्रश्न : आम्ही दोघांनी मिळून घर बदलायचं ठरवलं, नवीन जागा काही जमली नाही. आता यांचं रोज चालू असतं, "मला तेव्हाच माहीत होतं." माझ्या आठवणीत तर ते तेव्हा काहीच बोलले नव्हते. हे खोटं बोलतायत का?

उत्तर : बहुतेक नाही हो, त्यांना खरंच तसं आठवत असणार. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर जायच्या आधी फिशहॉफ आणि बेथ या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं, निक्सन माओंना भेटतील का, अमुक होईल का, शक्यता किती टक्के? दौरा झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती टक्के म्हणाला होतात? जे घडलं होतं त्याला आपण आधीच जास्त टक्के दिले होते असं बऱ्याच जणांना आठवायला लागलं. निकाल कळला की आठवण स्वतःला दुरुस्त करून घेते आणि आपल्याला कळवत पण नाही. तुमचीही करते, हे पण लक्षात असू द्या, "ते काहीच बोलले नव्हते" हीसुद्धा आठवणच आहे.

उपाय मला एकच माहितीये. घरात एक वही ठेवा. मोठं काही ठरवताना दोघांनी वेगवेगळं लिहायचं: तारीख, काय ठरवलं, का, आणि हे जमेल असं मला किती टक्के वाटतं. सह्या करा हवं तर. पुढच्या वेळी वही उघडायची. त्यात असं पण दिसेल की कधीकधी निर्णय बरोबर होता, तेव्हा हाताशी असलेली माहिती बघता कोणीही तोच घेतला असता, आणि तरी गोष्ट बिघडली. हे दिसणं संसारासाठी फार गरजेचं आहे, कारण नाहीतर दर वेळी निकाल वाईट लागला की घरात कोणीतरी गुन्हेगार शोधावा लागतो.

प्रश्न : मी प्रत्येक निर्णयाआधी फायदे-तोटे लिहिते, पण यादी नेहमी मला जे हवं असतं त्याच बाजूनी झुकते. मग लिहून काय उपयोग?

उत्तर : हे तुम्ही पकडलंत याचंच मला कौतुक वाटतंय. आपण आपलं म्हणणं खरं ठरवणारे पुरावे गोळा करत जातो. १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना २-४-६ हे तीन आकडे दिले आणि म्हणाले यामागे एक नियम आहे, तुम्ही स्वतःचे आकडे देऊन बघा, मी बसतात की नाही ते सांगतो. लोक ८-१०-१२ देणार, उत्तर हो, २०-२२-२४, उत्तर हो, आणि मग ठामपणे "दोन-दोननी वाढणारे आकडे". नियम होता फक्त चढत्या क्रमानी तीन आकडे. २९ जणांपैकी पहिल्या फटक्यात ६ जणांनाच सापडला. १-२-३ देऊन बघितलं असतं तर कळलं असतं, पण आपला अंदाज मोडेल असे आकडे द्यायची हिंमत कमी लोकांनी केली.

तर यादीच्या शेवटी दोन गोष्टी वाढवा. एक, "काय कळलं तर मी माझं मत बदलेन?" याचं उत्तर "काहीच नाही" येत असेल तर निर्णय झालेलाच आहे, यादी कशाला करताय, सरळ करून टाका. दुसरी, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांची पद्धत: एक वर्ष उलटलंय आणि हा निर्णय सपशेल फसलाय असं धरा, आणि का फसला ते लिहा. "फसेल का?" विचारलं की मन नाही म्हणतं, "फसलाय, का ते सांग" म्हटलं की तेच मन भराभर कारणं देतं.

आणि एका बैठकीत यादी संपवू नका. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या मित्राला पत्रातून हीच पद्धत कळवली होती, कागदाच्या मधोमध रेघ, एकीकडे बाजूची कारणं, एकीकडे विरुद्ध, मग सारख्या वजनाची कारणं दोन्हीकडून खोडत जायचं, कधी इकडच्या एकासाठी तिकडची दोन. पण ते यादी तीनचार दिवस उघडी ठेवायचे, कारण वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी कारणं सुचतात आणि एक सुचलं की दुसरं डोळ्याआड होतं. तुम्ही ज्या संध्याकाळी खूप उत्साहात असता त्याच संध्याकाळी यादी लिहून संपवत असाल असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी एखाद्या थकलेल्या सकाळी पण त्याच कागदावर लिहून बघा, आणि मला कळवा.