सरकारने सेवा पुरवल्या की लोकांचा विश्वास आपोआप बसतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की, विकसनशील देशांत सरकारने पाणी, वीज, शाळा, दवाखाने नीट पुरवले तर लोक सरकारला आपलं मानू लागतात का, आणि मानत असतील तर भरपूर कामं केलेल्या सरकारांवरही लोक का चिडतात. मी नाशिकला पंचवटीत आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दाखले काढून देणं हे माझं रोजचं काम. राज्यशास्त्रात एम.ए. केलंय, तेही इथल्याच मुक्त विद्यापीठातून. पण या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा काउंटरवर बसून जास्त कळलं.

किती मिळालं, यापेक्षा ते देताना आपल्याला कसं वागवलं हे माणूस जास्त लक्षात ठेवतो. शेजाऱ्याला जो नियम तोच मला लावला का? नाही म्हणताना कारण सांगितलं का? सरकारवरचा भरवसा यावर ठरतो, असं माझं मत आहे.

निकालांच्या दिवसांत आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, जातीचा दाखला यांची झुंबड असते. त्या गर्दीत एक ताई आल्या. मूळ गाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातला एक पाडा, सध्या नाशिकला बांधकामावर काम. मुलगा अकरावी पास होऊन बारावीत गेलेला. थोरल्याचं नर्सिंगचं ॲडमिशन दाखल्यावाचून हुकलं होतं, म्हणून धाकट्याच्या वेळी वर्षभर आधीच धावपळ सुरू केली होती. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचा 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. संबंधित कार्यालयात त्यांना तोंडी सांगण्यात आलं, "आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा." ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. घड्यांवर फाटत आलेलं रेशनकार्ड, सासऱ्यांच्या नावाचा वनपट्टा, मुलाचे बोनाफाइड. मग म्हणाल्या, "दादा, तवा आमच्या पाड्यावर शाळाच नव्हती. आजा शिकंल कुठं?"

मी त्यावर काही बोलू शकलो नाही. ज्या काळात सरकार त्या पाड्यापर्यंत पोचलंच नव्हतं, त्या काळातला सरकारी कागद आज सरकार मागत होतं आणि तो नाही हा दोष त्या बाईच्या माथी येत होता. खरं तर शाळेचा दाखला हा एकच पुरावा चालतो असं नाही. कोतवाल बुक चालतं, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना 14. जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, त्याही चालतात. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज केला. तीन खेपांनंतर मुलाच्या पणजोबांच्या नावाची नोंद सापडली, पुढे जमातीसकट.

त्याच आठवड्यात आणखी एक गृहस्थ भेटले. त्यांचं काम बाहेरच्या एजंटाने चार दिवसांत करून दिलं होतं. हिशोब मांडला तर त्यांना सेवा पूर्ण मिळाली, तीही मुदतीच्या आत. पण ते काय म्हणाले ऐका : "सरकारने कुठं दिला, मी विकत घेतला." अहवालात हा दाखला 'वेळेत निकाली' म्हणून मोजला जाणार. त्या माणसाच्या मनात मात्र सरकारची किंमत त्याच दिवशी घसरली.

आणि सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक काका. त्यांचा अर्ज त्रुटीत निघाला, म्हणजे काम झालंच नाही. पण तिथल्या क्लार्कने खुर्चीवरून उठून, कोणता कागद कमी आहे ते दाखवलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. काका त्या क्लार्कबद्दल चांगलं बोलत परत आले. या दोघांकडे पाहून मला तुमच्या प्रश्नातलं कोडं उलगडलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. पाणी होतं, ठराव होता. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांना घेऊन तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. त्या ओंजळीचा तहानेशी फारसा संबंध नव्हता. सार्वजनिक म्हणजे कुणाचं, हा प्रश्न होता.

श्रीलंकेत हेच वेगळ्या रीतीने घडलं. तिथे 1945 पासून शिक्षण मोफत, अगदी विद्यापीठापर्यंत. गरीब देशाच्या मानाने फार मोठी गोष्ट. पण 1970 नंतरच्या काही वर्षांत विद्यापीठ प्रवेशाचे नियम असे बदलले की मेडिकल आणि इंजिनिअरिंगला तमिळ माध्यमाच्या मुलांना सिंहली माध्यमाच्या मुलांपेक्षा जास्त गुण लागू लागले. विद्यापीठं तीच, फी तशीच माफ. तरी तमिळ तरुणांच्या एका पिढीला वाटलं की हे राज्य आपलं नाही. 1983 ते 2009 च्या यादवी युद्धाची कारणं अनेक आहेत, पण त्यांत या प्रवेशांचं नाव हमखास येतं. ज्या सेवेने लोक जोडले जायचे, तिनेच ते तुटले.

एकदा गेलेला विश्वास परत यायलाही फार वेळ लागतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीविरुद्ध 1980 च्या दशकात वस्त्यांमधल्या लोकांनी घरभाडं आणि पाणी-विजेची बिलं भरणं बंद केलं. 1994 ला मंडेलांचं, लोकांनी निवडलेलं सरकार आलं, तरी थकबाकी सुरूच राहिली. शेवटी 1995 मध्ये 'मसाखाने' नावाची मोहीम काढून, बिलं भरा अशी सरकारला लोकांची विनवणी करावी लागली. आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीबद्दल बोलताना मला हे नेहमी आठवतं. पट्टी भरण्यामागे दंडाच्या भीतीबरोबर एक मान्यताही असते, आणि ती नोटीस बजावून येत नाही.

आपल्याकडची एक सवय तर मला फार खुपते. गल्लीत पाण्याची लाईन पडली, की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, 'अमुक यांच्या अथक प्रयत्नातून'. पैसा करदात्यांचा, खोदाई महापालिकेची, आणि उपकार एका माणसाचे. ज्याला पाणी मिळालं तो भाऊंचे आभार मानतो, ज्याला नाही मिळालं तो समजतो की आपली ओळख कमी पडली. हक्क म्हणून मिळालेली गोष्ट अशी मेहेरबानी होऊन जाते.

आता चिडण्याबद्दल. तुमच्या प्रश्नात असं गृहीत दिसतं की लोक चिडले म्हणजे सरकारची मान्यता गेली. मला ते पटत नाही. 6 मार्च 2018 ला नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे हजारो आदिवासी शेतकरी सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईला गेले. कित्येकांच्या पायांत धड चप्पल नव्हती, तळव्यांना फोड आलेले. प्रमुख मागणी वनहक्काची. 2006 च्या कायद्याने देऊ केलेली जमीन प्रत्यक्षात नावावर करा, एवढंच. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून मुलांना त्रास नको, या विचाराने ते शेवटचा टप्पा रात्रीत चालून पहाटे आझाद मैदानावर पोचले. या लोकांनी सरकार नाकारलं होतं असं कोण म्हणेल? ते सरकारला त्याच्याच कायद्याची आठवण द्यायला निघाले होते.

2022 च्या अखेरीला सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली, तेव्हा शहरात बऱ्याच जणांना धक्का बसला. मला नाही बसला. पलीकडच्या गावातला रस्ता आणि वीज त्यांना रोज दिसते. सांगलीच्या जत तालुक्यातली गावं पाण्यासाठी कर्नाटकचं नाव घेत होती, त्यातलीच ही गोष्ट. 'आम्हाला कुणीतरी आपलं म्हणा', असा त्याचा अर्थ मी लावतो.

खरी काळजी गप्प बसणाऱ्यांची आहे. हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञांनी नायजेरियाच्या रेल्वेबद्दल एक निरीक्षण नोंदवलं होतं. ट्रकची स्पर्धा आली तर रेल्वे सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही, कारण ज्यांच्या तक्रारीला वजन होतं ते व्यापारी आपला शेंगदाणा ट्रकने पाठवू लागले आणि भांडायला कुणी उरलंच नाही. नाशिकमध्ये माझ्या डोळ्यांसमोर तेच चाललंय. ज्याला परवडतं त्याने पाण्याचा जार लावला, इन्व्हर्टर बसवला, मुलं खासगी शाळेत घातली, दुखलं-खुपलं तर खासगी दवाखाना गाठला. त्यांना महापालिकेची शाळा कशी चाललीय याच्याशी देणंघेणं राहिलं नाही. तिथे उरलेल्यांच्या आवाजाला वजन नाही.

बोलायला जागाही लागते. मार्च 2022 मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते. कामं बंद पडली नव्हती, रस्ते होत होते, कचऱ्याची घंटागाडी येत होती. पण नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाच्या दारात जाऊन दोन शब्द सुनावण्याची सोय गेली होती. त्या काळात लोक माझ्या केंद्रात येऊन पाण्याच्या तक्रारी सांगत. माझा पाण्याशी काय संबंध? पण सरकार लिहिलेली पाटी त्यांना तिथे दिसत होती.

म्हणून मला 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम फार मोलाचा वाटतो. त्यात दिवसांची मुदत आहे, अपिलं आहेत, चुकार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण त्यातलं मला सगळ्यात आवडणारं कलम म्हणजे अर्ज फेटाळला तर कारण लेखी कळवण्याचं. 'साहेब मिटिंगला गेलेत', 'पुढच्या आठवड्यात या' या उत्तरांवर आपली अनेक वर्षं गेली आहेत.

त्या ताईंचा दुसरा अर्ज कोतवाल बुकाच्या नकलेसह गेला आणि तोही नामंजूर झाला. पण या वेळी मी आग्रह धरला आणि कारण कागदावर आलं : जुन्या नोंदीतलं आडनाव आणि आताचं आडनाव जुळत नाही. ताईंनी तो कागद मुलाकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाल्या, "आता कळलं तरी काय पाह्यजे ते." आडनावाच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र आणि मधल्या पिढीचा एक फेरफार जोडून अपील गेल्या सोमवारी दाखल केलंय. सुनावणीच्या दिवशी त्यांनी मजुरीला खाडा करायचं ठरवलंय, आणि मीही तेवढा वेळ केंद्र बंद ठेवून त्यांच्याबरोबर जाणार आहे.