फलप्रामाण्यवादी आणि ‘प्रॅक्टिकल’ माणूस

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत तत्त्वाचा मुद्दा काढला की ‘जरा प्रॅक्टिकल व्हा’ असे ऐकवले जाते. एक सभासद तर स्वतःला अभिमानाने ‘प्रॅग्मॅटिस्ट’ म्हणवतात. तत्त्वे बाजूला ठेवणे म्हणजेच प्रॅग्मॅटिझम का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. मराठीत ज्याला फलप्रामाण्यवाद म्हणतात, तो विचार अमेरिकेत चार्ल्स पर्स यांनी १८७८ मधील एका निबंधात मांडला. एखादी कल्पना खरी मानली, तर प्रत्यक्ष अनुभवात कोणते परिणाम दिसायला हवेत, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ स्पष्ट होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तू कठीण आहे याचा अर्थ इतकाच, की बहुतेक पदार्थांनी तिच्यावर ओरखडा उठत नाही. पुढे विल्यम जेम्स यांनी ही कसोटी सत्यालाच लावली आणि विचारांच्या ‘रोख मूल्या’ची भाषा वापरून टीकाकारांच्या हाती आयतेच कोलीत दिले. परिणाम पाहायचे ते सगळ्यांवर होणारे आणि दूरवरचेही, शिवाय ते विपरीत निघाले तर आपले मत बदलायचे, ही अट आपल्या सभासदांना मान्य आहे का, हे एकदा विचारून पाहावे.

आपल्याला जवळचे उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते आणि तेथे जॉन ड्यूई हे या परंपरेतील तत्त्वज्ञ त्यांचे शिक्षक होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ड्यूईंचा गुरू म्हणून आदराने उल्लेख केला आहे. त्याच भाषणात नियम आणि तत्त्व यांत त्यांनी भेद केला : नियम काय करावे ते ठरवून देतो आणि माणूस ते यंत्रवत पाळतो, तर तत्त्व ही कृतीची पारख करण्याची रीत असल्यामुळे, ते प्रसंगी चुकीचे ठरले तरी कृतीची जबाबदारी माणसाकडेच राहते. जातिव्यवस्थेला शास्त्राधार किती, एवढ्यावर न थांबता तिने समाजाचे काय केले, हे त्यांनी तपासले. मला तरी फलप्रामाण्यवादाचा याहून कठोर उपयोग आपल्याकडे दिसत नाही.

या भाषणातील काही भाग गाळावा, असे मंडळाने सुचवले होते. ‘प्रॅक्टिकल’ माणसाने दोन परिच्छेद सोडून अध्यक्षपद पदरात पाडून घेतले असते. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले.