लॅपटॉपला चार्जर कायम लावलेला असतो? मग आधी मर्यादा लाव

भावा, दिवसभर चार्जिंगला ठेवल्यानं बॅटरी ओव्हरचार्ज होत नाही. १०० टक्के झाले की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. खरा त्रास वेगळा आहे. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि वरून गरम राहिली, की ती झपाट्यानं थकते. आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं ते तुला माहीतच आहे.

म्हणून आजच चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लाव. लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत व्हँटेज अ‍ॅपमध्ये, आसुसच्या मायआसुसमध्ये, काहींत बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ही सोय असते. लाइट जाते म्हणून १०० हवेतच असं वाटेल. मग लाइट जाणार असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढ, भरून घे आणि काम झालं की परत लाव. मी असंच करतो.

गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नको; खालची हवा अडते. महिन्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणायची हा सल्लाही सोडून दे, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. सुट्टीत बंद ठेवणार असशील तर निम्मी भरून ठेव.

एक मात्र जिवाभावानं सांगतो. माझी पहिली बॅटरी फुगली तेव्हा टचपॅड वर आला होता, तरी मी महिनाभर वापरत राहिलो. तू तसं करू नको. टचपॅड उचललेला दिसला की लगेच चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर. दाबू नको, टोचू नको, सरळ दुरुस्तीवाल्याकडं ने.