पथक तू का सोडायचं?

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांची आहे, पुण्यात एका पथकात ढोल वाजवते, हे माझं दुसरं वर्ष. सराव सुरू होऊन महिना झालाय. आमच्याकडे एक सिनियर ताशावाला आहे, तो नव्या पोरांना खूप त्रास देतो, म्हणजे हात चुकला की ढोल बांधलेला तसाच अर्धा तास सगळ्यांसमोर उभं करतो, एका मुलाला त्याच्या रंगावरून नाव पाडलंय आणि आता ग्रुपवर सगळे त्याच नावाने हाक मारतात. माझ्याबाबतीत वेगळंच चाललंय. "थांब, मी बांधून देतो" म्हणत तो दोरी कमरेला बांधायला येतो आणि हात नको तिथे लावतो, एकदा नाही चार वेळा झालं. रात्री एक वाजता मेसेज करतो, रिप्लाय नाही दिला की दुसऱ्या दिवशी मी मागच्या रांगेत. पथकप्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, अगं तो पहिल्यापासून असाच आहे, मनाने चांगला आहे, आणि ऐन गणपतीत ताशावाला कुठून आणू? घरी सांगितलं तर आई पथकच बंद करेल. मी सोडून देऊ का?
– एक ढोलवादक, पुणे

उत्तर : नाही गं, तू का सोडायचं? तुला सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, त्यात हार वगैरे काही नाही, पण त्याला कोणी थांबवत नाही म्हणून तू जायचं हे मला अजिबात पटत नाही. आणि आधी हे ऐक, चार वेळा झालं तर ते चुकून नाही. ढोल बांधताना हात कुठे लागतो हे बांधणाऱ्याला नीट कळतं.

आमच्या गल्लीतल्या मंडळात खूप वर्षांपूर्वी माझी एक मैत्रीण अशीच अचानक यायची बंद झाली. आम्ही म्हटलं कॉलेज सुरू झालं असेल, कोणी घरी जाऊन विचारलंसुद्धा नाही, मीपण नाही, आणि ज्याच्यामुळे ती गेली तो पुढे कितीतरी वर्षं स्टेजवर माइक घेऊन उभा होता. ते मला अजून टोचतं, म्हणून तुझं पत्र वाचल्यावर लगेच लिहायला बसले.

आज रात्री एवढं कर. चारही वेळा काय झालं ते एका कागदावर लिही, तारीख, साधारण वेळ, आसपास कोण होतं, तू कोणाला बोललीस, प्रमुखांना कधी सांगितलंस आणि ते काय म्हणाले, सगळं. मेसेज डिलीट करू नकोस, कितीही किळस आली तरी. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढ आणि एका विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेव. मग त्या रंगावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलाशी बोल. त्याचा त्रास आणि तुझा त्रास वेगळा असला तरी देणारा एकच आहे, आणि दोघांनी मिळून सांगितलं की "ही जरा जास्तच मनाला लावून घेते" असं म्हणायला जागा राहत नाही. यावेळी तोंडी सांगू नका, लेखी द्या, फक्त प्रमुखांना नको तर सगळ्या कार्यकारिणीला द्या, आणि मिळालं म्हणून सही घ्या, नाहीतर मेल करा. तोंडी बोललेलं गणपतीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहत नाही, किंवा लक्षात ठेवायचं नसतं.

कायद्याचं सांगते, कारण "हे काय ऑफिस आहे का" असं कोणीतरी नक्की म्हणणार. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा जो २०१३ चा कायदा आहे, त्यात पगार न घेता स्वेच्छेने काम करणाऱ्या बाईलाही धरलंय आणि कामाच्या ठिकाणांमध्ये संस्था आणि ट्रस्टही येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर अंतर्गत समिती लागते, तिची अध्यक्ष बाई असावी लागते आणि निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. समितीच नसेल कारण माणसं दहापेक्षा कमी, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते तिच्याकडे जायचं, ती कुठे आहे हे कलेक्टर ऑफिसात विचारता येतं. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं असतं, तुझे ते दिवस अजून हातात आहेत. आणि हे सगळं बाजूला ठेवून थेट पोलिसांतही जाता येतं, असा हात लावणं भारतीय न्याय संहितेच्या ७४ आणि ७५ कलमात गुन्हा आहे, नको म्हटल्यावरही मेसेज करत मागे लागणं ७८ मध्ये. त्यासाठी कुठल्याच प्रमुखाची परवानगी लागत नाही. धमकी आली किंवा कोणी पाठलाग केला तर ११२ लाव.

राहिली आई. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तूच सांग, आणि सुरुवातच अशी कर की मला पथक सोडायचं नाहीये, मला तू सोबत हवीयेस. पहिले दोन दिवस ती रागावेल, ते तुझ्यावर नसतं, भीती असते ती. तक्रार द्यायला जाताना तिलाच घेऊन जा.

प्रश्न : आमच्या पथकात शंभरावर वादक आहेत, जवळजवळ निम्म्या मुली, दहावी-अकरावीतली मुलंपण आहेत. आजवर एकही तक्रार आली नाही. तरी नियम करावेत असं मला वाटतं, पण बाकीचे म्हणतात उगाच वातावरण बिघडेल, आपण सगळे एका घरातले आहोत.
– एक कार्यकर्ता

उत्तर : दादा, तक्रार आली नाही याचा अर्थ त्रास नाही असा धरू नका, सांगायचं कोणाला हेच माहीत नसेल तर येणार कुठून? घरातलं तर माणूस सगळ्यात जास्त दाबून ठेवतो.

तक्रार ऐकायला दोन-तीन माणसं ठरवा, त्यात बायका जास्त, प्रमुखांच्या नात्यातलं कोणी नको, आणि एक जण पथकाबाहेरची, एखादी वकील किंवा समुपदेशक. त्यांची नावं आणि नंबर सरावाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर प्रमुखांनी स्वतः मोठ्याने सांगायचे, नुसता कागद चिकटवून भागत नाही. वरचं पत्र वाचलंत ना, मग ढोल बांधण्याचंच घ्या : पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला स्वतःचा ढोल बांधायला शिकवा, आणि मदत लागलीच तर ज्याला हवी त्याने सांगायचं कोणाची हवी. सरावाच्या वेळा फक्त ग्रुपवर, रात्री उशिरा पर्सनल मेसेज नाहीत. हात चुकला की पुन्हा वाजवून घ्यायचा, उभं करणं, उठाबशा, जात-रंग-अंगावरून नावं पाडणं बंद, म्हणजे बंद. पुण्यातली विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या वर जाते, पहाटे अलका चौकात संपलं की कोणती मुलगी कोणाबरोबर घरी जाणार याची यादी आधी करा. आणि लक्ष्मी रस्त्यावर कपडे बदलायची, बाथरूमला जायची सोय आधी शोधून ठेवा हो, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत त्या भीतीने.

तक्रार आलीच तर चौकशी होईपर्यंत ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजूला ठेवा, जिने सांगितलं तिची रांग बदलू नका. सगळी पथकं इथेच चुकतात.

तुमच्याकडे १८ खालची मुलं आहेत, त्यांच्याबाबतीत लैंगिक प्रकार असेल तर आपापसात मिटवायचा प्रश्नच येत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या १९ व्या कलमाने कळलेल्या प्रत्येकाला पोलिसांना सांगावंच लागतं, आणि हाताखालच्या माणसाने केलेलं संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. म्हणून फॉर्मवर जन्मतारीख घ्या, पालकांचे नंबर घ्या, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्या मुलांनाच पाठ करून घ्या.

प्रश्न : माझ्यावर पथकातल्या एका ज्युनियरने तक्रार केलीय की मी त्याला सारखं घालून पाडून बोलतो आणि ग्रुपवर त्याला नाव पाडलंय. आम्ही आलो तेव्हा आम्हालाही सिनियर असंच बोलायचे, आम्ही सहन केलं. त्याला घरी जाऊन सॉरी म्हणू का?
– ताशावादक

उत्तर : घरी जाऊ नकोस, मित्रांनाही पाठवू नकोस, त्याला ते दडपण वाटेल. तुझ्यावर झालं ते चुकीचंच होतं, आणि ते कसं वाटतं हे तुला माहीत आहे, मग त्या मुलाला काय वाटत असेल हे मी वेगळं सांगायला नको. तक्रार ऐकणाऱ्या समितीला लेखी दे की मी असं बोललोय, मला त्याची माफी मागायचीय, त्याची तयारी असेल तेव्हा आणि तो म्हणेल तसं. त्याने नको म्हटलं तर तेही मान्य कर. आणि ग्रुपवर पाडलेलं नाव तूच आज थांबव, तिथे सगळ्यांसमोर झालंय, तर तिथेच सगळ्यांसमोर लिही.