वाचनाचं प्रेशर घालवायचं असेल तर आधी आकडा सांगणं बंद करा

तुम्ही विचारलंय की मित्रमंडळी डिसेंबरमध्ये पन्नास-पन्नास पुस्तकांच्या याद्या टाकतात, तुमची वर्षाला जेमतेम सात-आठ होतात आणि तीपण बहुतेक रहस्यकथा, त्यामुळे कुणी ‘सध्या काय वाचताय’ विचारलं की कानकोंडं व्हायला होतं, तर यातून बाहेर कसं पडायचं.

मला विचाराल तर जास्त वाचून हे प्रेशर जाणार नाही. उद्या तुम्ही तीस वाचलीत तरी शंभरवाला कुणीतरी भेटेलच. हे ओझं वाचनाचं नाहीये, वाचलेलं दाखवण्याचं आहे, आणि ते खाली ठेवता येतं.

आधी आकड्याचं बघू. मोठी माणसं मनातल्या मनात इंग्रजी वाचताना मिनिटाला साधारण २५० शब्द वाचतात असं धरा, म्हणजे ८०,००० शब्दांच्या पुस्तकाला सव्वापाच तासांहून थोडे जास्त लागले, आणि अशी पन्नास म्हणजे अडीचशेच्या वर तास. आता ज्याच्या घरी तान्हं बाळ आहे किंवा आजारी माणूस आहे त्याने हे तास कुठून आणायचे? हा आकडा बऱ्याचदा तुमची आवड किंवा समज सांगतच नाही, तुमच्या हातात मोकळा वेळ किती होता तेवढंच सांगतो.

आणि मला जास्त खटकतं ते पुढचंच, की आकडा ठरवला की आपण निवडतो काय तेच बदलतं. सातशे पानांची कादंबरी मागे पडते कारण तेवढ्यात चार बारकी पुस्तकं होतात, आवडतं पुस्तक परत वाचणं म्हणजे टाइमपास वाटायला लागतो, आणि एका कवितेपाशी अख्खी संध्याकाळ घालवली तर हिशोबात शून्य. मी वाचलेल्या पुस्तकांची मोजदाद ठेवणारं अ‍ॅप काढून टाकलं तेव्हा पहिला फरक हाच जाणवला, जाडजूड पुस्तकं परत हातात यायला लागली आणि एखादं पान आवडलं तर तिथेच थांबायची मोकळीक मिळाली.

दानिएल पेनाक नावाचे फ्रेंच लेखक आहेत, ते स्वतः शिक्षक होते. त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिलाच हक्क न वाचण्याचा! मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, काहीही वाचण्याचा. पण तुमच्या कामाचा आहे तो शेवटचा, दहावा: गप्प राहण्याचा. काय वाचलं, का वाचलं, कसं वाटलं, याचा जबाब कुणालाही द्यायची गरज नाही. सहा महिने हा एक हक्क वापरून बघा, यादी नाही, फोटो नाही, स्टार नाहीत.

अर्धवट सोडायचा धीर होत नसेल तर नॅन्सी पर्ल या अमेरिकन लायब्ररियनचा नियम सोपा आहे, ५० पानं वाचा, नाही जमलं तर सोडा, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. म्हणजे सत्तरीच्या माणसाला ३० पानं पुरे.

राहिल्या रहस्यकथा. त्या आवडतात ना, मग झालं. ‘त्यातून भाषा सुधारते’, ‘मेंदूला व्यायाम होतो’ असली कारणं जोडत बसू नका, कारण दिलं की समोरच्याला तपासायचा अधिकार दिल्यासारखं होतं. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं लिहिली, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं आहे. चांगला वाचक कोण आणि हलका कोण, असली वर्गवारी त्या सूत्रांत कुठेच नाही.

तरीही कुणी ‘यंदा किती झाली?’ म्हणून मागेच लागलं तर ‘मोजत नाही’ एवढंच सांगा आणि त्यांनाच विचारा, तुमच्या यादीतलं परत वाचावंसं वाटलेलं कुठलं? ज्याला खरंच वाचायला आवडतं तो लगेच खुलतो, आणि मग आकडा बाजूला राहतो नि गप्पा पुस्तकावर येतात.