उभी गाडी, उतरलेली बॅटरी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी २००९ ची डिझेल ट्रॅव्हलर पूर्वी टुरिस्ट परवान्यावर चालत होती. ती घेऊन मागे पलंग, शेगडी, १००० वॉटचा इन्व्हर्टर आणि वेगळी १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी बसवून कॅम्पर करून घेतली. गाडी शेडमध्ये उभी असते. चार दिवसांनी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ करतो. पुढची १०० एएचची बॅटरी ११.४ व्होल्ट दाखवते, मागची मात्र १२.६. दीड वर्षात पुढच्या दोन बॅटऱ्या बदलल्या. आता तिसरीही तशीच वागते. बिघाड शोधायचा कुठून? (नाशिक)

उत्तर : तिसरी बॅटरी निर्दोष असण्याची शक्यताच जास्त आहे, म्हणून चौथी घेऊ नका. पहिल्या दोन्हीही बहुधा खराब नव्हत्या. त्या वारंवार पूर्ण उतरल्या, आणि १२ व्होल्टच्या खाली दिवसेंदिवस पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. ते कडक झालं की चार्जिंगनंही सुटत नाही.

हातात पाना घेण्याआधी कागदावर हिशोब करा. १०० एएचच्या बॅटरीतले साधारण ६० एएच खर्च झाले की ती डिझेल इंजिन फिरवत नाही. चार दिवसांत ६०, म्हणजे दिवसाला १५. त्याला २४ नं भागलं की सुमारे ०.६ अँपिअर, म्हणजे ६०० मिलीअँपिअर. एवढ्या जुन्या गाडीत उभ्या अवस्थेत २०–३० मिलीअँपिअर जाणं रास्त आहे आणि ५० च्या वर गेलं तर शोध घ्यायचा. तुमच्याकडे त्याच्या दहापट जातंय. आता ०.६ अँपिअर कोण खाईल? घड्याळ नाही, ते फार थोडं खातं. हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू होण्याआधी तापवणाऱ्या भागाचा) चिकटलेला रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विचही नाही, त्यानं एक-दोन तासांतच बॅटरी बसवली असती. या आकड्यात बसतात ते पायरीवरचा ५ वॉटचा दिवा (०.४ अँपिअर), न झोपणारा स्टिरिओ आणि त्याचा अँप्लिफायर, किंवा डायनामोचा (ऑल्टरनेटरचा) गळका डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग.

तुमच्या पत्रात आणखी एक धागा आहे. दोन बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे आहेत, म्हणजे त्यांना जोडणारा रिले गाडी बंद असताना सुटतो. तो चिकटला असता तर दोन्ही आकडे जवळपास सारखे आले असते. तेव्हा इन्व्हर्टरच्या बॅटरीकडचं सगळं तूर्त सोडा. चोर पुढच्या बॅटरीच्या बाजूला आहे.

मोजमापासाठी १० अँपिअरची सोय असलेला मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून, मगरचिमट्यांची एक जोडवायर आणि १० चा पाना एवढं पुरे. क्लॅम्प मीटर असेल तर उत्तमच, पण तो डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरमनकडे असतो तो बहुतेकदा फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवून फसवतो.

बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. चालकाची काच खाली ठेवून किल्ली काढून घ्या. दार उघडं ठेवावं लागणार असेल तर दाराच्या चौकटीतलं दिव्याचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवा, नाहीतर तुम्ही केबिनच्या दिव्याचाच करंट मोजत बसाल. सेंट्रल लॉक किंवा अलार्म बसवलेला असेल तर अर्धा तास थांबा, ती यंत्रं लगेच झोपत नाहीत.

मग निगेटिव्हच्या बाजूनं काम सुरू करा. पॉझिटिव्हचा नट आधी सोडताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो, म्हणून निगेटिव्ह आधी काढायचा आणि सर्वांत शेवटी लावायचा. निगेटिव्हच्या खुंटीवर किती वायरी आहेत ते नीट बघा. कॅम्परच्या कामात तिथे दुसरं, तिसरं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) चढवलेलं असतं. सगळी एकत्र सोडा आणि मोकळ्या टोकांना एकमेकांशी जोडून ठेवा. एकही खुंटीवर राहिली तर माप चुकतं.

आता खुंटी आणि सुटलेली वायर यांच्यामध्ये तो बल्ब जोडा. लखलखीत पेटला तर एक अँपिअरच्या वर जातंय, तेव्हा मीटर लावू नका. मंद लालसर तार दिसली तर मीटर सुरक्षित आहे. ०.६ अँपिअरला अशीच मिणमिणती तार दिसते. त्यानंतर जोडवायरीनं खुंटी आणि वायर थेट जोडा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालून मीटर तिला समांतर लावा, आणि शेवटी जोडवायर व बल्ब काढा. असं केल्यानं बल्ब जोडल्यानंतर सर्किट एकदाही तुटत नाही आणि झोपलेली यंत्रं जागी होत नाहीत. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात जातो. स्वस्त मीटरांवर १० अँपिअरच्या भोकाशेजारी कमाल सेकंदही छापलेले असतात, ते वाचा.

आकडा मिळाला की फ्यूज उपटत सुटू नका. जोडवायर पुन्हा लावून मीटर काढून घ्या, त्याची लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला, मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टोकं लावा. करंट वाहत असेल तर फ्यूजवर किंचित व्होल्टेज पडतं. १० अँपिअरच्या साध्या पात्याच्या फ्यूजचा रोध साधारण ७.५ मिलिओहम असतो, म्हणजे ०.१ मिलिव्होल्टला सुमारे १३ मिलीअँपिअर. तुमचे ०.६ अँपिअर एकाच अशा फ्यूजमधून जात असतील तर ४.५ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल. २० अँपिअरच्या फ्यूजवर त्याच करंटला याच्या निम्म्याहून कमी आकडा येतो. काचेचे फ्यूज असतील तर दोन्ही टोप्यांवर मोजा. तिथे मिलीअँपिअरचा हिशोब नेमका येत नाही, पण कुठे शून्य आहे आणि कुठे नाही एवढं कळतं.

सगळ्या फ्यूजांवर शून्य आलं तरी गोंधळू नका, टुरिस्ट गाडीवरून केलेल्या कॅम्परमध्ये हे नेहमी होतं. कारण अर्धं वायरिंग फ्यूजबॉक्समधून जातच नाही. पॉझिटिव्हच्या खुंटीवरून सरळ निघालेली प्रत्येक बारीक वायर धरून तिच्या टोकापर्यंत जा. जुन्या मालकाचा जीपीएस ट्रॅकर डॅशबोर्डमागे अजून जिवंत असू शकतो. पाण्याचा पंप किंवा सरकत्या दाराचा दिवा ‘पुढची बॅटरी जवळ पडते’ म्हणून तिच्यावर घेतलेला असू शकतो. बंद कप्प्यातला दिवा खरंच विझतो का, हे पाहायला फोनवर व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि झाकण लावा.

स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायमच्या पॉझिटिव्हची आणि लाल वायर किल्लीनंतरच्या पॉझिटिव्हची असते. किल्ली नसतानाही गाणी वाजावीत म्हणून बसवणारे दोन्ही एकत्र पिळून पिवळीवर देतात. मग स्टिरिओ कधीच झोपत नाही, आणि निळ्या-पांढऱ्या वायरीवरून अँप्लिफायरलाही जागं ठेवतो. लाल वायर सुटी करून मीटर पुन्हा बघा. गाणी उभ्या गाडीत हवीच असतील तर स्टिरिओ मागच्या बॅटरीवर घ्या.

डायनामो शेवटी तपासा, पण तपासा जरूर. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी डायनामोच्या पाठीला हात लावा. इंजिन थंडगार आणि डायनामो कोमट असेल तर डायोड गळतोय. खात्रीसाठी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, डायनामोची जाड पॉझिटिव्ह वायर सोडून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, मग पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर नवीन बॅटरीऐवजी डायोड प्लेट बदलायची. ही वायर सुटी असताना इंजिन सुरू करू नका.

ज्यांच्या दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरतात, त्यांनी मात्र रिलेपासून सुरुवात करावी. इंजिन बंद करून अर्ध्या तासानं दोन्हीकडचे व्होल्टेज मोजा, मग मागचा पंखा आणि दिवे लावा. पुढचा आकडाही खाली सरकू लागला तर संपर्क चिकटलेले आहेत, किंवा रिलेच्या कॉइलला किल्लीऐवजी कायमचा पॉझिटिव्ह दिलाय. दुसऱ्या प्रकारात रिले सकाळीही कोमट लागतो, कारण साध्या रिलेची कॉइलच १५० मिलीअँपिअर खाते. संपर्क चिकटतात ते बहुधा पुढची बॅटरी कमजोर असताना सेल्फ मारल्यानं. सेल्फला लागणारा करंट मागच्या बॅटरीतून त्या छोट्या रिलेवाटे धावतो. व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-सोडणारा रिले आणि सोलर एकत्र असतील तर एक अपवाद लक्षात ठेवा. काही रिले दोन्ही बाजू पाहतात, म्हणून उन्हात पॅनल व्होल्टेज वर धरून ठेवतं तोवर ते जोडलेलेच राहतात. तो बिघाड नव्हे. असं मोजमाप सूर्यास्तानंतर करा.

प्रश्न : आमच्या जुन्या कॅम्परची बॅटरी उन्हाळ्यात महिनाभर टिकते आणि पावसाळ्यात आठवड्यात बसते. इलेक्ट्रिशियन दोनदा तपासून ‘काही नाही’ म्हणाला. (रत्नागिरी)

उत्तर : तो कोरड्या गाडीवर मोजत असेल तर त्याला काहीच सापडणार नाही. मीटर लावलेला ठेवा आणि झारीनं थोडं थोडं पाणी घाला. आधी मागच्या दिव्यांवर, मग खालच्या कनेक्टरांवर, शेवटी पुढच्या काचेच्या रबरावर. प्रेशर पंप वापरू नका, तो पाणी नको तिथे घुसवतो. आकडा उडी मारेल तिथे थांबा. जुन्या गाड्यांत काचेचं रबर कडक होऊन पाणी डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्सवर ठिबकतं, आणि खारट हवेत तिथल्या पितळी क्लिपांवर हिरवा बुरा धरतो. ओला बुरा करंट वाहून नेतो.

वायर कापून तांबं लालचकाक दिसेपर्यंत मागे जा. काळं पडलेलं तांबं नुसतं सोलून पुन्हा पिळलं तर पुढच्या पावसात तोच खेळ. नवीन थिंबल नीट दाबून आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा, आणि कनेक्टरकडे येणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलातून खाली पडतं.

बॅटरीचा माथाही बघा. मीटरचं काळं टोक निगेटिव्हवर ठेवून लाल टोक प्लॅस्टिकवरून हळू फिरवा. एखादा व्होल्ट जरी दिसला तरी तिथे आम्लाचा ओलसर थर आहे आणि त्यातून बॅटरी स्वतःच झिरपतेय. झाकणं घट्ट असल्याची खात्री करून अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्या पाण्यानं पुसा. फेस थांबला की साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडं करा. सोडा सेलमध्ये जाता कामा नये.

प्रश्न : एवढी शोधाशोध करण्यापेक्षा निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवला तर? (पुणे)

उत्तर : गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर जरूर बसवा, सेल्फचा करंट झेलणारा दणकट घ्या. पण गळती ०.६ अँपिअरची असेल तर आधी ती शोधा. तेवढा करंट ओल्या कनेक्टरमधून जात असेल तर ती जागा तापते, आणि गाडी वापरात असते तेव्हा स्विच चालूच असतो. सोलर असेल तर आधी पॅनल सोडा, मग बॅटरी. उलट केलं तर बॅटरीविना सोलरचा चार्जिंग कंट्रोलर बिघडू शकतो. आत झोपणार असाल तर गॅस डिटेक्टरची निगेटिव्ह वायर या स्विचच्या आधी, बॅटरीच्या बाजूला घ्या आणि पॉझिटिव्ह वायर स्वतःच्या छोट्या फ्यूजवर. आणि स्विच बंद असला तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. महिन्यातून एकदा मोजा आणि १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावा.